ज्योत्स्नाची बदली

ज्योत्स्नाची आइसलंडला बदली झाल्याची बातमी बहरीनच्या जुफैर भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याच दिवशी पसरली. पण पसरता पसरता बदली तिच्या नवऱ्याची, धम्मदीपची झाली आणि आइसलंडचं आयर्लंड झालं.

"तिथे बॉम्ब फुटतात म्हणे," जिन्यात भेटलेल्या मंगलाताई म्हणाल्या. "धम्मदीपभाऊंना जपायला सांग हो."

"ते आयर्लंड, मंगलाताई. आम्ही आइसलंडला चाललोय. रेक्याविक नावाची राजधानी आहे, लहानशीच. आणि बदली माझी झालीय."

"तेच ते. बायकोला घेऊन जातायत, हे काय कमी आहे?"

ज्योत्स्ना मासळी गोठवायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत पाइपांची ड्रॉइंग काढायची. कंपनीचं मुख्य ऑफिस रेक्याविकला होतं. ९४ साली त्यांनी बहरीनमधलं ड्रॉइंगचं काम बंद करायचं ठरवलं, आणि इथल्या माणसांपैकी फक्त तिला तिकडे कायमची नोकरी देऊ केली. तिने दोन वर्षं मान मोडून काम केलं होतं, त्याचं हे फळ होतं. पण ज्याला त्याला हे समजावून सांगताना तिचा जीव मेटाकुटीला आला.

व्हिसाच्या कामाचं तर विचारूच नका. आइसलंडची वकिलात बहरीनमध्ये नव्हती, त्यामुळे कागद दुसऱ्याच एका देशाच्या वकिलातीतून जायचे. तिथला कारकून तिच्याशी बोलतच नसे. ती समोर उभी असताना तो धम्मदीपला विचारायचा, "तुमची नोकरी कोणत्या कंपनीत?" धम्मदीप एका हॉटेलात एसी दुरुस्त करायचा. तो हॉटेलचं नाव सांगायचा. कारकून ते लिहून घ्यायचा. मग ते खोडायला लावण्यात एक अख्खी सकाळ जायची.

धम्मदीप कुणाचीच चूक दुरुस्त करत नव्हता, याचा तिला जास्त राग होता. लोक अभिनंदन करत आणि तो हसून मान डोलवी. सासूबाई लीलाबाई सुट्टीसाठी अकोल्याहून आल्या होत्या. त्यांनाही त्याने काही सांगितलं नव्हतं. "सांगतो ना, योग्य वेळ आली की," एवढंच म्हणायचा.

त्या वर्षी आंबेडकर जयंती गुरुवारी होती, पण सुट्टी शुक्रवारची, म्हणून कार्यक्रम शुक्रवारी जनाबियाला किसनभाऊंच्या घरी ठेवला होता. किसनभाऊ जयंती मंडळाचे अध्यक्ष. बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी काय काय केलं, यावर ते चांगलं अर्धा तास बोलले. ज्योत्स्ना सासूबाईंशेजारी बसून ऐकत होती. मग किसनभाऊ म्हणाले, "आपल्या समाजाचा एक मुलगा आता युरोपात चाललाय. धम्मदीप, पुढे ये."

त्याच्या खांद्यावर शाल पडली. टाळ्या वाजल्या. मंगलाताईंनी ज्योत्स्नाला कोपराने ढोसलं. धम्मदीपने माईक हातात घेतला, तेव्हा तिला क्षणभर वाटलं, आता सांगेल. तो म्हणाला, "सगळ्यांचा आभारी आहे," आणि खाली बसला.

गाडी किसनभाऊंच्या कंपाउंडच्या फाटकातून बाहेर पडली.

"अहो, ती शाल काढा आधी," ज्योत्स्ना म्हणाली. "मला बघवत नाही."

"आई मागे बसलीय."

"बसू दे. त्यांनाही कळू दे बदली कुणाची झालीय ते. मी थकले सांगून सांगून. तुम्ही एकदा, फक्त एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

धम्मदीपने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शाल काढून मांडीवर ठेवली.

"पुढचा प्रश्न काय आला असता?" तो म्हणाला. "'मग धम्मदीप, तू तिथे काय करणार?' हाच ना? बर्फाच्या देशात एसी कोण लावतं, सांग मला. मी रोज तोच विचार करतोय."

हे तो पहिल्यांदाच बोलत होता. तेवढ्यात मागून लीलाबाईंचा आवाज आला.

"मंग बदली तुही नाही?"

"नाही आई. हिची आहे."

"काऊन सांगितलं नाही रे? त्या शालीवर हिचा हक्क होता." त्यांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "गाडी फिरव."

धम्मदीपने निमूटपणे गाडी वळवली. किसनभाऊंच्या घरी खुर्च्या उचलणं चाललं होतं. मोजकी माणसं उरली होती. धम्मदीपने त्यांच्यासमोर सगळं नीट सांगितलं. कुठली कंपनी, कुठलं काम, कुणाला बोलावलं. शाल त्याने ज्योत्स्नाच्या हातात दिली. किसनभाऊंनी लक्षपूर्वक ऐकलं आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मोठ्या मनाचा आहेस," ते म्हणाले. "बायकोला एवढ्या लांब जाऊ देतोस. स्वतःची नोकरी सोडतोस. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, ज्योत्स्ना."

मंगलाताईंनी मान हलवली. ज्योत्स्नाने धम्मदीपकडे पाहिलं. तो आता खरोखरच रडकुंडीला आला होता. तिने शाल घडी करून पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला. उशीर होतोय."

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मासळी गोठवायला कॉम्प्रेसर लागतोच की. हवा गार करा नाहीतर मासे, यंत्र तेच. मी विचारते ऑफिसात."

"भाषा?"

"ती मलाही येत नाही."

ऑगस्टमध्ये ते गेले. धम्मदीपला काम लगेच मिळालं नाही. तो पहिला हिवाळा त्याने घरातच काढला. डाळ शिजवायला शिकला, शेजाऱ्यांची नावं उच्चारता येईनात म्हणून चिडचिड करत राहिला. ज्योत्स्ना ऑफिसातून यायची तेव्हा बाहेर मिट्ट काळोख झालेला असे, आणि तो कोट चढवून दारातच उभा असे.

"कुठे निघालात?"

"कुठेही. दिवसभर या भिंती बघून वेड लागेल मला."

तिचे पाय दुखत असायचे. तरी बूट न काढताच ती परत वळायची, आणि दोघं बंदराच्या बाजूला चालत जायची.