चिखलात उभी काठी

“काठी रुतली की हात सोडायचा. तिच्याशी झोंबत बसायचं नाही. होडी जाते पुढे, आपण राहतो काठीला लटकून, आणि पाहुणे हसतात ते वेगळंच. काठी काय, दुसरी मिळते.”

बाबा हे सांगायचे तेव्हा धाकटी होडीच्या मागच्या फळीवर उभी असायची, आणि थोरली खाली, कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. एकदा धाकटीने विचारलं होतं, “आणि तुमची रुतली तर?”

“माझी रुततच नाही,” बाबा म्हणाले, आणि पुढच्याच रेट्याला त्यांची काठी अशी रुतली की त्यांना मुकाट्याने हात सोडावा लागला. तिघंही इतकी हसली की त्या दिवशी गळाला एक मासा लागला नाही.

बाबांचा धंदा अर्ध्या दिवसाचा होता. सकाळी पाहुण्यांना होडीत घ्यायचं, उथळ पाण्यात मासे धरायला न्यायचं आणि जेवायच्या वेळेला परत आणायचं. खोल समुद्रात जायचंच नाही. किनाऱ्यालगत कुठे पोटरीभर, कुठे कमरेभर असा पाण्याचा मोठा पसारा होता. तिथे शिरलं की इंजिन बंद करून वर उचलून ठेवायचं, कारण आवाजाने मासा बुजतो, आणि मागे उभं राहून लांब काठीने होडी गुपचूप ढकलायची. पाहुणा पुढे गळ घेऊन तयार. कुठे वाळू आहे आणि कुठे वाळूसारखा दिसणारा चिखल, हे काठी सांगते. म्हणून बाबांचा दुसरा नियम होता: होडीतून पाय बाहेर काढायचा नाही. होडी टेकली तर टेकली. बसून राहायचं, भरती येऊन उचलते.

आजारपणात बाबा गेले आणि काठी धाकटीकडे आली. जिथे त्यांचे हात बसायचे तिथे ती गुळगुळीत आणि काळपट झाली होती. थोरलीला पाण्याची भीती, म्हणून तिने किनाऱ्यावरची बाजू धरली. फोनवर पाहुण्यांच्या वेळा ठरवायच्या, पत्र्याच्या शेडमध्ये आमिषाची जिवंत कोळंबी सांभाळायची, टपातलं पाणी बदलायचं. सकाळी टपांवरची फडकी काढण्याआधी ती पाण्याकडे तोंड करून हात जोडायची. धाकटी हसायची. “ताई, एवढं गोड बोलून ठेवतेस त्याच्याशी, जरा मासे पण मागत जा की!”

गेल्या वर्षी एके दिवशी धाकटीच्या होडीत एक नवरा-बायको होती. चांगली माणसं. काठी रुतली, धाकटीने शिकवल्याप्रमाणे हात सोडला, होडी थोडी पुढे सरकली. त्या बाईंनी हे नंतर धाकटीच्या आईचे हात धरून पुन्हा पुन्हा सांगितलं, “सोडला होता हो तिने हात. सोडला होता.” मग धाकटीने मागे वळून पाहिलं. पाणी पोटरीभर, काठी अगदी जवळ. होडीत वल्हं होतं, त्यावर घर गाठता आलं असतं. पण काठी बाबांची होती. “आत्ता आणते,” ती म्हणाली आणि उतरली.

काठीपर्यंत पोहोचली ती मांडीपर्यंत रुतूनच. आधी तिलाही हसू आलं. “बाबांनी वर कपाळाला हात लावला असेल,” असं म्हणाली म्हणे. तोवर वाऱ्याने होडी लांब नेली. पाहुण्यांनी दोर फेकला, तो पुरला नाही. इंजिन खाली सोडलं, त्याचा पंखा चिखलात अडकला. त्यांनी फोन केले. पाणी चढू लागलं. अंगातलं लाइफ जॅकेट तिला वर ओढत होतं आणि चिखल पाय सोडत नव्हता. काकांची होडी पोहोचली तेव्हा काठीच्या भोवती पाणीच पाणी होतं.

तिला घरी आणलं. काठी तिथेच राहिली.

स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोरच्या खिडकीतून ती दिसायची. भरतीला वीतभर टोक, ओहोटीला सगळी, अंगाने बारीक, जराशी एका बाजूला कललेली. धाकटी अशीच उभी राहायची, एका पायावर भार देऊन. आई रोज सकाळी आंघोळ झाली की पाण्याचा घोटही न घेता जपाला बसे. इतक्या वर्षांत तिचा जप कधी मोडला नव्हता. आता मोडू लागला. माळ चालता चालता थांबायची, मणी दोन बोटांत तसाच राहायचा, आणि आई खिडकीकडे बघत म्हणायची, “उभीच आहे गं अजून. पाय दुखत असतील.”

थोरलीने खिडकीला पडदा लावला. आईने तो काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला.

त्यात एक नवीन गोष्ट सुरू झाली. पाण्यात काहीही रोवून ठेवलं की त्यावर शेवाळ धरतं, शिंपले बसतात, बारकी मासळी आडोशाला येते आणि तिच्यामागे मोठी. काठीभोवती मासा लागू लागला. होड्या तिथे जमू लागल्या. पहिली होडी काकांचीच, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची. त्यांना सगळा किनारा बिनघोर म्हणायचा, कारण वादळ आलं तरी ते आधी चहा पिऊन मग होडी बांधायला जायचे.

एका सकाळी शेडमध्ये एक नवी कोरी टोपी घातलेला पाहुणा आला. टपात डोकावत म्हणाला, “कोळंबी चांगली चपळ द्या बरं का. आम्हाला त्या काठीपाशी न्यायचं ठरलंय. तिथे कुणी मुलगी बुडाली ना? फोटो काढता येतो का हो?”

थोरलीच्या हातातली जाळी टपात तशीच राहिली. “कोणी सांगितलं?”

“तुमच्या त्या बिनघोरांनीच. पाय बाहेर काढू नका म्हणून दम देत होते, त्यात सांगितलं. मजेशीर आहे माणूस.”

तिने त्याला कोळंबी मोजून न देता दोन जाळ्या भरून दिली, म्हणजे तो लवकर जाईल. दुपारी काका होडी धुवत होते, तिथे ती गेली.

“काका, गिऱ्हाइकांना तिथे नेणं बंद करा. नाहीतर ती काठीच काढून टाका.”

“का? मासा लागतो तिथे.”

“आई खिडकीतून बघते. तिच्या लेकीभोवती माणसं गळ टाकून बसलेली दिसतात तिला. कसं वाटत असेल?”

काकांनी बादली उपडी केली. “मग खिडकी बंद करा की.”

“शोभतं का हे बोलणं?”

“नाही शोभत,” ते म्हणाले. “पण तू तरी ऐक. ती काठी उभी आहे म्हणून पुढचा चिखल कुठे सुरू होतो ते सगळ्यांना कळतं. आज तिथे चार होडीवाले पाहुणे फिरवतात, त्यातला एकही तिच्या पलीकडे जात नाही. हीच खूण तेव्हा असती तर आपलं पोर आज टपातली कोळंबी चोरून भाजत बसलं असतं. ती काढू म्हणतेस? उद्या दुसरा कोणी उतरला तर?”

 काका खोटं बोलत नव्हते, हाच त्रास होता. थोरली घरी परतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका ओहोटीला, स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन विझलेला गॅस आणि उघडं मागचं दार तिला दिसलं. माळ ओट्यावर होती. ती धावली. आई किनाऱ्याच्या कडेला, जिथे घट्ट वाळू संपते तिथून चार पावलं पुढे, घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. साडीचा काठ ओला, हातात झाकण लावलेला डबा.

“आई! मागे फिर. हळू. एकेक पाय काढ.”

“तिला नेऊन देते. सकाळपासून उपाशी आहे.”

“आई, माझ्याकडे बघ.”

आईने पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख आली, आणि त्याहून वाईट म्हणजे लाज आली. “कळतं गं मला,” ती म्हणाली. “काठी आहे ती. सगळं कळतं. पण सकाळी डोळे उघडले की आधी तीच दिसते, मग देव. माझा देवसुद्धा तिच्या मागे उभा राहिलाय.”

थोरलीने वाळूवर पोटावर पडून हात पुढे केला आणि आईला ओढून घेतलं. दोघी तिथेच बसून राहिल्या, चिखलाने माखलेल्या. डबा उघडून आईने त्यातला घास थोरलीला भरवला, जणू त्याच कामाला ती निघाली होती.

“मी आणते ती काठी,” थोरली म्हणाली. “पण तू पुन्हा पाण्यात पाय घालायचा नाहीस.”

“तू? तुला तर बादलीतल्या पाण्याची भीती.”

“आहे. तरी आणते.”

“माझ्या गळ्याची शपथ?”

“शपथ.”

शपथ घेतली आणि रात्रभर तिला तो चिखलच दिसत राहिला. काठी हाताने उपटणं कुणाच्याच्यानं होणार नव्हतं. जोर लावायला पायाखाली काहीतरी लागतं, आणि तिथे तर काहीच नव्हतं. पण त्या हसण्याच्या दिवशी बाबांनी आपली रुतलेली काठी परत आणली होती, हे तिला आठवलं. हात सोडून ते होडीत नुसते बसून राहिले होते. पाणी उतरलं, होडी काठीच्या शेजारी टेकली, तेव्हा त्यांनी होडीचं तोंड काठीला आखूड दोराने बांधलं. “आता आपण काही करायचं नाही,” ते म्हणाले होते. “भरती होडी उचलेल, होडी काठी उचलेल. सुरी मात्र हाताशी ठेवायची. काठी नाहीच हलली तर होडीचं तोंड पाण्याखाली जायला लागतं. मग विचार करायचा नाही, दोर कापायचा.”

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली. काकी अंगणात जाळं उन्हात टाकत होत्या. काका पायरीवर चहा पीत होते.

“तुमचं बरोबर आहे, काका. खूण हवी. तुम्ही तिथे दुसरी रोवा, लाल रंगाची, सगळ्यांना दिसेल अशी. ही मी घेऊन येते.”

“तू घेऊन येतेस! बाई, तू होडीत बसलीस की होडीलाच उलटी होते.”

“मग तुम्ही आणा.”

काकांनी कप खाली ठेवला.  काकींचे हात जाळ्यावर थांबले.

“मला नाही जमणार,” काका शेवटी म्हणाले. “तिची बोटं त्या काठीवरून मी सोडवलीत. एकेक करून. तुझ्या आईला हे कधी सांगू नकोस. तिने धरून ठेवली होती गं, आपल्या बाबांचा हात धरावा तशी.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मी रोज तिथे जातो, माशांसाठी जातो असं वाटतं तुला? गिऱ्हाईक नसलं तरी जातो. नुसतं जाऊन काय करायचं, म्हणून गिऱ्हाईक नेतो. आणि मग तोंड चालतं माझं, गप्प बसवत नाही.”

थोरली त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. काकींनी आतून आणखी एक कप आणला. तो कोणीच प्यायलं नाही.

“वारा जमिनीकडून असेल तेव्हाच निघ,” काका म्हणाले. “उतरत्या पाण्यावर जा, चढत्या पाण्यावर ये. अर्धा दिवस लागेल. मधे होडी चिखलावर बसेल आणि सगळीकडे नुसता चिखल दिसेल, तेव्हा वाटेल की उतरून चालत घरी जावं. वाटेलच. मी लाल काठी घेऊन बाहेर खोल पाण्यात थांबतो. जवळ येणार नाही. पण दिसेन.”

वारा फिरेपर्यंत तिने वाट पाहिली. ज्या सकाळी तो जमिनीकडून वाहू लागला, त्या सकाळी तिने नेहमीसारखी टपांवरची फडकी काढली, पाणी बदललं, पाण्याकडे तोंड करून हात जोडले. मागायचं म्हणून काही मागितलं नाही.  शेडच्या दाराला कुलूप लावलं.

आई जपाला बसली होती. तिने माळ थांबवली नाही, फक्त दुसऱ्या हाताने ओट्यावरचा डबा पुढे सरकवला. मग मणी ओढता ओढता हळूच विचारलं, “आणि नाही हलली तर?”

“तर दोर कापून परत येईन.”

“काठी तिथेच सोडून?”

“तिथेच सोडून.”

आईने लेकीकडे नीट पाहिलं. “हेसुद्धा शपथेत धर,” ती म्हणाली.

“धरलं.”

होडी बाबांचीच, वर्षभर न हललेली. थोरलीने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, आखूड दोर पुढच्या कडीला बांधून पाहिला, सुरी उजव्या हाताशी फळीच्या खाचेत ठेवली आणि वल्ह्याने काठ ढकलला. पाणी उतरणीला लागलं होतं. होडी हलली. तिने कडा धरली, मग सोडली, कारण दोन्ही हात वल्ह्याला लागत होते. लांबवर काकांची होडी खोल पाण्यात उभी होती, तिच्यात एक लाल रेघ. समोर, अजून कमरेपर्यंत पाण्यात, काठी जराशी कलून उभी होती. थोरलीने होडीचं तोंड तिच्याकडे वळवलं.