तिसऱ्या महिन्याची डबी

कारखान्यात तिला सगळे भिंगवाली म्हणत. नवं क्रीम कसकसं म्हातारं होतं ते सूक्ष्मदर्शकातून बघणं, हेच तिचं काम. बारा डब्या गरम कपाटात ठेवायच्या आणि दर महिन्याला एक उघडून तपासायची.

त्या सकाळी तिने तिसऱ्या महिन्याची डबी उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. क्रीम लोण्यासारखं मऊ. काचपट्टीवर तेलाचे थेंब बारीक, एकसारखे. मागच्याच महिन्यातल्या डबीत हे थेंब एकमेकांत मिसळून फुगले होते, कडेला पाणी सुटलं होतं, बोटाला रवाळ लागत होतं.

"एका महिन्यात तरुण व्हायला काय खाल्लंस गं बाई?" ती डबीलाच म्हणाली.

लेबल तिच्याच अक्षरातलं होतं. पण झाकणाच्या आट्यांत पिवळसर, वाळलेलं क्रीम अडकलं होतं आणि आत पांढरंशुभ्र. म्हणजे कोणीतरी जुनं खरवडून ताजं भरलं होतं. कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे: ती, साहेब आणि मोठ्या घुसळयंत्रावर काम करणारा तिचा धाकटा दीर.

तिचा संशय साहेबांवरच गेला. आठवडाभर ते दिवसातून दोनदा डोकावत होते. आताही आले.

"काय, कसं आहे?"

"छान आहे. जरा जास्तच छान."

साहेब हसले. ते हसणंही तिला खोटं वाटलं.

दुपारी डबा खाताना तिने दिराला हळूच सांगितलं, "भाऊजी, साहेबांनी डबीतलं क्रीम बदललंय. मी थेट मालकांकडे जाणार आहे."

दिराचा घास हातातच राहिला. "दहाच्या दहा डब्या त्यांनी कशाला बदलल्या असतील, वहिनी?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी तर एकाच डबीचं बोलले."

त्याने मान खाली घातली. "ही खेप बनवली त्या दिवशी घाई झाली. क्रीम हळूहळू गार करायचं सोडून मी एकदम थंड पाणी सोडलं. तुम्ही शब्द टाकलात म्हणून मी इथे लागलो. म्हटलं, तुमचं नाव जाईल, म्हणून डब्यांत ताजं भरलं."

"आणि आता राहिलं का?" तिचा आवाज चढला. "उठा. साहेबांना तुम्हीच सांगायचं."

त्याने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, ती सगळी खेप फेकायला लावली आणि दिराला पॅकिंगला धाडलं. मग भिंगवालीपुढे हात केला. "तुमचीही किल्ली द्या. आणि वर्षभराच्या वह्या."

"माझ्या वह्या?"

"एकाच घरातले तुम्ही. मी काय समजायचं?"

चार दिवस दुसऱ्या खात्यातली बाई तिच्या टेबलावर बसून तिच्या एकेका नोंदीची शहानिशा करत होती. भिंगवाली शेजारी रिकाम्या काचपट्ट्या पुसत बसे. घरी धाकटी जाऊ, दिराची बायको, तोंड फिरवून वावरत होती.

पाचव्या दिवशी साहेबांनी वह्या आणून ठेवल्या. "सगळं बरोबर आहे," एवढंच म्हणाले. माफीबिफी काही नाही. तिनेही मागितली नाही. साहेबांना ती काय समजली होती, हे तिने तरी त्यांना कुठे सांगितलं होतं?