आकडा चार

सकाळी साडेसातला जलशुद्धीकरण केंद्राच्या केमिस्ट बाईंनी नदीच्या पाण्याचा नमुना तपासला. नळी धुतली, पुन्हा तपासला. अमोनिया एरवी लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत असायचा, आज चार. पाणी मात्र दिसायला काचेसारखं. या नदीची हीच खोड. पावसाळ्यात ती गढूळ लोंढा आणायची, पण तो गाळला की भागायचं. उन्हाळ्यात धार आटली, की वरच्या कारखान्यांचं आणि गटारांचं पाणीच नदी म्हणून वाहायचं.

त्या धावतच पंपघरात गेल्या. "काका, पंप बंद करा."

पंपवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "टाक्यांत दुपारपुरतंच पाणी आहे. लोक कच्चं खातील आपल्याला."

"खाऊ देत. क्लोरीन कितीही ओतलं तरी हा अमोनिया ते गिळून टाकेल. असलं पाणी लेकराबाळांना पाजायचं?"

काकांनी बटण दाबलं. घरघर थांबली आणि बाईंनी वरच्या धरणावर फोन लावला: घाण वाहून जायला नदीत पाणी सोडा.

धरणावरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "पाणी विजेसाठी राखलंय. लेखी हुकूम आणा, मी दरवाजे उघडतो."

हुकमासाठी चार ऑफिसांना फोन झाले. बाईंना खुर्चीत बसवेना. चहाचा कप तीनदा उचलला, तीनदा तसाच ठेवला. मध्येच सासूबाईंचा फोन. "अगं, नळाला करंगळीएवढी धार येतेय! शेजारणी मला विचारतायत."

"आई, मिळेल तेवढं भरून ठेवा. आणि त्यांना सांगा, सुनेनंच बंद केलंय."

"मी नाही बाई सांगणार! मला इथंच राहायचंय."

साडेअकराला हुकूम निघाला, बाराला दरवाजे उघडले. पाणी पोचेपर्यंत बाई काठावर येरझारा घालत राहिल्या. चारच्या सुमारास आधी वास आला, मग फेसाचा काळा थर वाहत गेला. त्यामागून पाणी चढलं. तासाभरानं नमुना घेतला तर आकडा पुन्हा अर्ध्या मिलिग्रॅमवर आलेला. काकांनी टाळीच वाजवली आणि पंप सुरू केला.

बाई मात्र वाहत गेलेल्या फेसाच्या दिशेनं बघत उभ्या राहिल्या. तो थर आता खालच्या शहराकडे निघाला होता. दिवसभर त्यांच्या डोक्यात फक्त आपल्या टाक्या होत्या.

खालच्या केंद्रातल्या केमिस्टला त्या फक्त आवाजानं ओळखत. त्यांनी त्याला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "किती वेळ आहे?"

"तीन तास. फार तर साडेतीन."

"टाक्या निम्म्याच आहेत माझ्या, तेवढ्या वेळात भरणार नाहीत. सकाळी कळवलं असतंत तर भरून घेतल्या असत्या."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी नळाला भरपूर पाणी होतं. सासूबाई खुशीत भांडी घासत होत्या. बाई जेवल्या, पण चव लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांनी खाली फोन लावला.

"अजून दीड आहे," केमिस्ट म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "टाक्या रात्रीच संपल्या. टँकर फिरतायत."

त्याचं शहर आणखी एक दिवस कोरडं राहणार होतं. फोन ठेवून बाईंनी कागद ओढला आणि वरच्या ऑफिसला पत्र लिहायला घेतलं: धरणाचं पाणी सोडण्याआधी खालच्या केंद्राला कळवणं सक्तीचं करावं. काल कोण विसरलं, तेही त्यांनी लिहिलं. खाली सही केली.

काका वाचून म्हणाले, "स्वतःचं नाव कशाला घातलंत? नोकरीवर गदा येईल."

"पाकिटावर पत्ता घाला," बाई म्हणाल्या आणि पुढचा नमुना आणायला नदीकडे निघाल्या.