सकाळचा आकडा

मी कर्कटक बोलतोय. ज्याच्या टोकानं तुम्ही शाळेत बाकावर नावं कोरलीत, तोच मी. अंग पितळेचं, एक पाय सुईचा, एक पेन्सिलीचा. माझं वर्तुळ कधी वाकडं आलं, असं कोणी म्हणून दाखवावं.

सैन्याच्या कचेरीत मी नकाशेकाकांच्या हाती पडलो. नकाशे काढायचे म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. युद्धाला तिसरं वर्ष लागलं होतं आणि काकांचा एकुलता मुलगा आघाडीवर होता. त्याचं पत्र आलं नाही की काका टोक असलेल्या पेन्सिलीलाही टोक करत बसत.

एके दुपारी साहेबांनी शत्रूच्या एका शहराचा नकाशा टेबलावर पसरला.

"एकच अणुबॉम्ब. आठवड्यात युद्ध संपेल," ते म्हणाले. "नाहीतर अजून दोन वर्षं आपली पोरं मरत राहतील. टप्प्यात किती माणसं येतात, तेवढं काढा."

काकांनी माझी सुई शहराच्या मध्यावर टेकवली. वर्तुळ सुबक आलं आणि मला चक्क अभिमान वाटला. आज त्याची लाज वाटते.

माणसं मोजायचं काम आकडेवारीवाल्या ताईंचं. त्यांनी जनगणनेच्या पुस्तकातून बेरीज केली, ऐंशी हजार. कागद वर गेला. दुसऱ्या दिवशी बॉम्बची वेळ कळली, सकाळी साडेआठ, आणि ताईंचा चेहरा उतरला.

"काका, चुकलं हो. जनगणनेत माणूस जिथं राहतो तिथं मोजतात. सकाळी आसपासच्या गावांतली मुलं या शहरात शाळेला येतात, कामगार येतात. दीड लाखाच्या वर जातंय. साहेबांना सांगायला हवं."

खोलीत चिमणी शिरली तर ती बाहेर जाईपर्यंत पंखा बंद ठेवणारे आमचे काका. ते हळूच म्हणाले, "नका सांगू. आकडा वाढला की वरचे कचरतील."

"अहो, शाळेतली मुलं आहेत."

"माझाही मुलगाच आहे, ताई."

ताईंनी फोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि ठेवून दिला. त्यांचा भाऊही आघाडीवर होता.

बॉम्ब पडला. पाचव्या दिवशी युद्ध संपलं. मग वर्तमानपत्रांतून वाद पेटला. लाखो जीव वाचले, असं एक जण लिही. हा निव्वळ खून आहे, असं दुसरा. आकडा मात्र दोघांचाही ऐंशी हजारच.

मुलगा धडधाकट परतला. एका संध्याकाळी तो वडिलांना न्यायला कचेरीत आला, तेव्हा काकांनी त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं नकाशावरच्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"माझ्यासाठी केलंत ना? मग मला विचारायचं तरी."

"काय म्हणाला असतास?"

"माहीत नाही, बाबा. मला जगायचं होतं."

आणि तो वडिलांसाठी न थांबता एकटाच निघून गेला.

काकांनी नोकरी सोडली. मी खणात पडून आहे, सुई गंजली आहे. युद्ध थांबवायला तसं करणं योग्य होतं की नाही, हे माझ्यासारख्या पितळेच्या तुकड्यानं काय सांगावं? तुम्ही वाद घाला, अगदी कडाडून घाला. फक्त त्या दिवशी शाळेत आलेली मुलं आधी मोजा.