लाल टाक्यांची पाकिटं

कचेरीतले गिरिधरबाबू माणूस वाईट नव्हते, हेच तर अंजनाबाईच्या डोक्यात गेलं. वाईट असते तर चार शिव्या हासडून ती सावनेरची बस धरून मोकळी झाली असती.

तिचा गोविंदा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असं कुणी सांगेना, आहे असंही सांगेना. दर महिन्याला ती शेजारच्या सिंधूताई मास्तरणीकडून त्याला पत्र लिहून घेई आणि नागपूरच्या या कचेरीत आणून देई. सैनिकांच्या घरच्यांना मदत करायलाच ती कचेरी होती म्हणे. डिंकावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून गोधडीच्या लाल दोऱ्यानं ती पाकीट शिवून टाकी. "पाठवतो हं, आई," म्हणत बाबू ते दोन्ही हातांनी घेत, वर चहा पाजत. तीन वर्षं हेच चाललं. उत्तर एकदाही आलं नाही. येईल कसं? लग्नावरून भांडण होऊन तिनं त्याच्या थोबाडीत दिली होती आणि पोरगा तसाच पलटणीत परतला होता. तो अजून रागात आहे, असं ती साऱ्या गावाला सांगे, आणि दर पत्रात त्याची माफी मागे.

आज बाबूंनी कसलासा फॉर्म काढायला कपाट उघडलं, तर खालच्या फळीवर लाल टाके. अंजनाबाईनं उठून गठ्ठाच बाहेर ओढला. एकाही पाकिटाचा टाका उसवला नव्हता.

"हे इथं काहून, बाबू?"

"आई, तो कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. पाठवणार कुठं? तुमचं मन मोडवेना, म्हणून घेत गेलो."

मन मोडवेना! अंजनाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाच्या दयेपायी तीन वर्षं ती पोटच्या पोराला बोल लावत होती.

"मी त्याले दगडाच्या काळजाचा म्हणून राहिली होती. त्याले तं एक अक्षर नाही पोचलं."

"चुकलं माझं, आई."

"आई नको म्हणू मले."

टेबलावरचं पेन्सिलीला टोक काढायचं पातं तिनं उचललं, सगळ्यांत जुन्या पाकिटाचे टाके कापले आणि आतला कागद बाबूंच्या पुढ्यात ठेवला. दारात माणसं खोळंबली होती. खोळंबू देत.

"मले वाचता येत नाही. त्याले नाही पोचलं, तुले तरी पोचू दे. वाच गा."

गिरिधरबाबूंनी घडी उलगडली. "गोविंदा बाळा, त्या दिवशी मी तुझ्यावर हात उचलला..." पुढं त्यांना वाचवेना.

"सगळे वाचाचे आहेत," अंजनाबाई म्हणाली, आणि तिनं दुसरं पाकीट उसवायला घेतलं.