डिसेंबरातलं पनवेल

मिठाच्या डबीला पाणी सुटलं, त्यात माझा काय गुन्हा? पण नाही. अंड्यावर मीठ पडेना म्हणून नशराच्या अब्बांनी डबी टेबलावर आपटली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू समुद्र मीच उचलून पनवेलच्या दारात आणून ठेवलाय.

"रियाधला मीठ कसं भुरभुर पडायचं," ते म्हणाले.

"मग मीठच आणायचं होतं तिकडून! बॅगा भरभरून ब्लँकेटं कशाला आणलीत? इथे ब्लँकेट घेऊन कोण मरतंय?"

नशराचे अब्बा म्हणजे माझा नवरा, झकेरिया. वीस-बावीस वर्षं रियाधला टाइल्सच्या गोदामात सुपरवायझर होते. ह्या मार्चमध्ये कायमचे घरी आले. कायमचे! ह्या एका शब्दासाठी मी किती तरसले होते, ते माझं मला माहीत. अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. आणि एप्रिल उजाडला तशी ह्यांची टेप सुरू झाली. उकडतंय. चिकचिकतंय. बनियन वाळत नाही. बिस्किटं सादळली. कपाटाला वास येतोय. पावसात बाथरूमचं दार फुगलं, तर त्याला लाथ घालून स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला.

"तिकडे पंचेचाळीस असतं, पण घाम अंगाला लागत नाही. हवेतच उडून जातो. इथे तेहतीसला माणूस शिजतो."

हे मी दिवसातून किती वेळा ऐकायचं? नाकी नऊ आले माझ्या.

आता गंमत ऐका. ह्या माणसाने एवढ्या वर्षांत पनवेलचा उन्हाळा बघितलाच नव्हता. पावसाळाही नाही. कंपनी रजा द्यायची डिसेंबरात, आपल्याकडे लग्नंही तेव्हाच. सकाळी धुकं, अंगावर शाल, संध्याकाळी शेतात पोपटी लावायची, मडक्यातल्या वालाच्या शेंगा आणि कोंबडी गरमगरम खायची, की जानेवारी संपायच्या आत ह्यांचं विमान उडालं. तिकडे बसून हे त्याच पनवेलची स्वप्नं बघत राहिले. मित्रांना सांगायचे, आमच्या गावासारखी हवा दुनियेत नाही. बाकीचे दहा महिने इथे काय असतं, ते भोगायला मी होतेच.

आणि घर? पाच वर्षांपूर्वी जुनं कौलारू पाडून नवं बांधलं, नकाशा तिकडून आला. मी फोनवर घसा फोडून सांगत होते, "पडवी ठेवा. खिडक्या मोठ्या ठेवा, खाडीकडचा वारा येऊ द्या." तर म्हणे, "उघड्या खिडकीतून धूळ येते, हाजरा." चार चार महिने पाऊस ओततो त्या गावात ह्यांना धुळीची भीती! बारीक खिडक्या, त्यांना पक्क्या काचा, आणि हॉलभर गालिचा. जुलैत त्या गालिच्याला भिजलेल्या बकऱ्यासारखा वास सुटला. पण चूक कोणाची? पनवेलच्या हवेची! नाचता येईना, अंगण वाकडं.

कोरडी हवा मीही बघितली आहे हो. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेले होते, तेव्हा ह्यांनी मला महिनाभर रियाधला ठेवलं होतं. ओठ फाटले, टाचांना भेगा पडल्या, नाकातून रक्त आलं. दाराच्या कडीला हात लावला की चटका बसायचा. मी उरणच्या मोहल्ल्यातली, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. मला अंगाला थोडी ओल लागते, त्याशिवाय जिवंत असल्यासारखं वाटत नाही. तेव्हा हे हसून म्हणाले होते, "सवय होईल." मग आता ह्यांना का होत नाही सवय?

सप्टेंबरात एक दिवस जेवताना ह्यांनी हळूच विषय काढला. एजंट शाहीद भेटला होता म्हणे. जुन्या शेठने परत बोलावलंय, व्हिसा तयार आहे.

माझा घास तोंडातच राहिला. "काय कमी आहे इथे?"

"कमी काही नाही गं. हवा मानवत नाही."

"हवा मानवत नाही की आम्ही?"

हे वरणात भात कालवत राहिले. नशरा खारघरला कॉलेजात जाते, तिने ताट उचललं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा, माझी उद्या परीक्षा आहे." मला रडू येत होतं आणि रागही. जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पोटातून अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण ज्या माणसाला बायकोपेक्षा कोरडा टॉवेल प्यारा, त्याच्यापुढे पदर पसरू? तोंडातून निघालं ते भलतंच. "जा! एकदाचे जा, माझ्या डोक्याची कटकट तरी मिटेल!"

"जातोच," ते म्हणाले.

मग आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. हे खुशीत बॅगा पुसत बसायचे आणि मी पाचही वक्ताच्या नमाजेत एकच दुआ मागायचे. या अल्ला, काहीतरी होऊ दे, पण ह्यांना थांबव.

ऑक्टोबरात हे मुंबईला मेडिकल करून आले. दोन दिवसांनी निकाल होता, तो आणायला पुन्हा गेले. दुपारी घरी फोन वाजला. शाहीद होता.

"भाभी, भाई पोहोचले का? मोबाईल उचलत नाहीत. त्यांना म्हणावं, दिल छोटा करू नका. छातीच्या फोटोत जुना डाग निघाला. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही, कधीचाच भरून गेलाय. पण तिकडचे लोक चालवून घेत नाहीत. अनफिट शिक्का पडला. आता कुठलाच व्हिसा नाही."

मी फोन ठेवला. दुआ कबूल झाली होती. उठून आभाराची, शुकराण्याची नमाज पढायला हवी होती, पण मी पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिले. मला थांबलेला नवरा हवा होता. हा तर अडकलेला मिळाला.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजेआधी हे आले. ऑक्टोबरचा उकाडा काय सांगावा, पानही हलत नव्हतं. शर्ट पाठीला चिकटलेला, गळ्यातून धारा. मी एसी लावायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले. "बरं वाटतंय."

बरं वाटतंय! मी वळून बघितलं. हे खुर्चीत ताठ बसले होते, लग्नाच्या फोटोत बसतात तसे.

"हाजरा, मी खूप विचार केला. नाही जात मी. तू आहेस, नशरा आहे. आता तुमच्यासाठी इथेच राहायचं. आणि हवेचं म्हणशील, तर पनवेलची हवा तशी छान आहे."

हे वाक्य ऐकायला मी सगळी जवानी घालवली होती. ते आलं, आणि खोटं आलं. दर जुम्म्याला फोनवर आम्ही हेच तर करत होतो. हे म्हणायचे, इथे सगळं मस्त आहे. मी म्हणायचे, इथेही सगळं ठीक आहे. मधे समुद्र होता तेव्हा ते चाललं. आता दोघांमध्ये एक टेबल होतं.

"शाहीदचा फोन आला होता," मी म्हटलं.

त्यांचे खांदे खाली आले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तोही पुसला नाही.

"मग तुला कळलंच," ते म्हणाले.

माझा बांध फुटला. "कळलं! आणि ऐका, मला तुम्ही हवे होते. तेव्हाही, आताही. कधी बोलले नाही, आज बोलते. नाइलाजाने राहताय ना? तसेच राहा. रोज शिव्या घाला ह्या हवेला, मी ऐकून घेईन. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं गोड बोलू नका. ते मी फोनवर खूप ऐकलंय."

त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "फार घाणेरडी हवा आहे गं तुझ्या पनवेलची."

"आहे," मी म्हटलं. "घाणेरडीच आहे."