किटलीसकट शून्य

वैष्णवी वजनकाट्यावर उभी राहिली आणि पंचबाईंनी मान हलवली. "अठ्ठेचाळीस किलो तीनशे. तीनशे ग्रॅम जास्त. तासाभरात उतरव, नाहीतर बाद."

बारामतीत जिल्हा बॉक्सिंग स्पर्धा होती. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उतरण्यासाठी वैष्णवीने वर्षभर घाम गाळला होता. ती धावतच बाहेर आली. दाराशी आजोबा उभे होते. गेणूआबा कळसला दूध संकलन केंद्र चालवत आणि कालच त्यांनी तिथल्या काट्यावर नातीचं वजन केलं होतं.

"आबा, काल तर सत्तेचाळीस सहाशे भरलं होतं!"

"भरलंच हुतं. आपला काटा खोटं बोलत न्हाय."

वैष्णवीने क्षणभर विचार केला. "मी चढायच्या आधी काट्यावर काय होतं?"

"रिकामी किटली. ती काढली, मग तुला चढवलं."

"किटली काढल्यावर आकडा किती दिसला?"

"सातशे. पर म्होरं आडवी रेघ हुती."

"वजा सातशे! किटली ठेवून शून्य केलेला काटा तो. माझ्यातून किटली वजा झाली, आबा!"

आबांनी कपाळावर हात मारला. "रोज दुधातनं किटली वजा करतो, तशी तुझ्यातनंबी केली व्हय!"

"नातीला दूध समजलात की काय?" प्रशिक्षक राजेश्वरीताईंना हसू आवरेना.

आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं. मेंढरं कधीच विकली होती. घोंगडं मात्र सुटलं नव्हतं. "ह्ये गुंडाळ आन पळ."

एप्रिलचं ऊन, त्यात लोकरीचं घोंगडं. वैष्णवी मैदानाला फेऱ्या मारू लागली. एमआयडीसीत कामाला निघालेल्या एकाने मोटारसायकल हळू केली. "आबा, पोरीला थंडी वाजतीय का?"

"वाजतीय! तू जा कामावर!"

पन्नास मिनिटांनी घोंगडं ओलं झालं होतं आणि काटा म्हणाला, सत्तेचाळीस नऊशे ऐंशी. राजेश्वरीताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "घोटघोट पी. आणि हा उद्योग पुन्हा नाही हं! यापुढे वजन माझ्यासमोर."

गटात दोघीच मुली, त्यामुळे दुपारची पहिलीच लढत अंतिम होती. समोरची वृषाली उंच, लांब हातांची. पहिल्या फेरीत वैष्णवीने तिचे ठोसे नाकावर झेलले, पण एक गोष्ट टिपली: उजवा ठोसा मारताना वृषालीचा डावा हात खाली येत होता. दुसऱ्या फेरीत वैष्णवी त्याच क्षणाची वाट बघत राहिली. हात खाली आला की ठोसा. पुन्हा आला, पुन्हा ठोसा. शेवटी पंचांनी वैष्णवीचा हात वर केला, तेव्हा आबा घोंगडं झेंड्यासारखं फिरवत होते.

संध्याकाळी कळसला पोचल्या पोचल्या आबांनी तिच्या गळ्यातलं सुवर्णपदक दुधाच्या काट्यावर ठेवलं.

"एकशेवीस ग्रॅम!" ते ओरडले. मग घाईने वाकून काट्याच्या आजूबाजूला पाहिलं. "थांब थांब. किटली काढून शून्य केला हुता न्हवं?"